अंडी पोचली, पिल्लांचं काय?



गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न मला चार जणांनी विचारला. पुतण्या म्हणाला, "काकू, उबवणीची अंडी पार्सलने मागवली तर चालतील का?" एका जुन्या विद्यार्थ्याने तेच विचारलं, फक्त काकूच्या जागी बाई. बाकीचे दोघे या ब्लॉगचे वाचक. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला कोंबड्यांबद्दल विचारतात, कारण आमच्या परसातल्या कोंबड्यांविषयी मी इथे इतक्यांदा लिहिलं आहे की आता ते लपून राहिलेलं नाही. चौघांना चार पत्रं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. शिवाय या बाबतीत माझं एक ठाम मत आहे, आणि अंडी विकणाऱ्यांना ते फारसं आवडणार नाही.

मत असं: खोक्यात एकही अंडं फुटलं नाही म्हणजे अंडी सुखरूप पोचली, हा हिशेब चुकीचा आहे. खायच्या अंड्यांना तो लागू पडतो. उबवणीची अंडी सुखरूप पोचली की नाही, हे एकविसाव्या दिवशी कळतं. म्हणून पाठवणाऱ्याची जबाबदारी खोक्याला चिकटपट्टी लावली की संपते, असं मला मुळीच वाटत नाही.

हे का म्हणते ते समजायला अंड्याच्या आत डोकवावं लागेल. दुकानातलं ट्रेमधलं अंडं बहुधा अशा कोंबडीचं असतं, जिने कोंबडा कधी पाहिलेलाच नाही. त्यातून पिल्लू निघण्याचा प्रश्नच नसतो. उबवणीच्या अंड्यात मात्र कोंबडीने ते घातलं तेव्हाच जिवाची सुरुवात झालेली असते. बलकावर एक बारीक पांढरा ठिपका असतो. तोच पुढे पिल्लू होणार. अंडं बाहेर येऊन गार झालं की ही वाढ थांबते आणि गर्भ जणू झोपी जातो. पुन्हा ऊब मिळाली की जागा होतो. आपण पार्सलमध्ये घालतो तो हा झोपलेला जीव.

हा जीव आत कसा ठेवलेला असतो पाहा. बलक मधोमध राहावा म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी पांढरे पिळदार दोरे असतात, पाळण्याला असावेत तसे. अंड्याच्या रुंद टोकाला कवचाखाली दोन पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये हवेची पोकळी. ही पोकळी फार महत्त्वाची. कवच फोडण्याआधी, एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी, पिल्लू याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात, त्यांतून हवा आत-बाहेर होते. वरून एक नैसर्गिक लेप असतो, तो रोगजंतूंना अडवतो. म्हणूनच उबवणीची अंडी धुवायची नसतात. घाण लागलेलं अंडं धुऊन पाठवण्यापेक्षा ते खायला ठेवावं.

आता हे अंडं गाडीत, गोदामात, पुन्हा गाडीत असं तीन दिवस हादरत आलं तर काय होईल? कवच शाबूत राहील, पण पोकळीचा पापुद्रा सुटू शकतो. मग हवा एका जागी न राहता अंडं फिरवलं की बुडबुड्यासारखी इकडून तिकडे सरकते. अंधारात मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरलं तर हे स्पष्ट दिसतं. बाहेरून बोट फिरवलं तर काही कळत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अंडी ठेवायला 13 ते 18 अंश तापमान चांगलं. साधारण विशीच्या आत राहिलं तर गर्भ शांत झोपतो. उबवायला 37.5 अंश लागतात. या दोन्हींच्या मधलं तापमान सगळ्यात वाईट. धड झोप नाही, धड जाग नाही. उन्हात उभ्या गाडीत खोकं तापलं की गर्भ अर्धवट वाढू लागतो, रात्री गार झालं की थांबतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा गर्भ कोंबडीखाली जाण्याआधीच मरतो किंवा दुबळा होतो. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याकडे पारा 44-45 पर्यंत जातो, तेव्हा पत्र्याच्या बंद गाडीतलं खोकं काय सोसत असेल याचा विचार करा. जगातलं उत्तम पॅकिंगसुद्धा अंड्याला धक्क्यापासून वाचवील, वैशाखापासून नाही.

फ्रीज हा त्यावरचा उपाय नाही, हेही सांगून टाकते. घरातला फ्रीज चार-पाच अंशांचा. ते उबवणीच्या अंड्याला फार गार. शिवाय गार अंडं एकदम दमट हवेत आणलं की त्याला घाम सुटतो, आणि ओलावा धरला की रोगजंतूंना छिद्रांतून आत शिरायला वाट मिळते.

तिसरी गोष्ट वयाची. अंडं घातल्यापासून सात दिवसांच्या आत बसवलं तर उत्तम. पुढे रोज थोडी थोडी उगवण कमी होत जाते. (बियाण्याचा शब्द वापरला, पण इथे तोच बरोबर बसतो.) आता हिशेब मांडून पाहा. समजा एकाकडे चार गावठी कोंबड्या आहेत. रोजची दोन अंडी मिळाली तरी डझनभर जमायला सहा दिवस. पार्सलला तीन दिवस. पोचल्यावर एक दिवस विसावा द्यायचा, तो का ते पुढे सांगते. म्हणजे पहिलं अंडं कोंबडीखाली जाईपर्यंत दहा दिवसांचं झालं! कुणी फसवलं नाही, कुणी हयगय केली नाही, तरी दहा दिवस. मध्ये रविवार किंवा सण आला तर अकरा-बारा. म्हणून माझं म्हणणं, ज्याच्याकडे दोन-तीन दिवसांत तेवढी अंडी जमण्याइतक्या कोंबड्या आहेत, त्यानेच लांब पाठवण्याचा उद्योग करावा. बाकीच्यांनी आपल्या तालुक्यात द्यावीत.

बरं, पाठवायचीच तर कशी? मला जी पद्धत पटली आहे ती सांगते.

अंडी मध्यम आकाराची निवडावीत. फार लांबट, फार गोल, खडबडीत कवचाची नकोत. तलंगीची अगदी पहिली अंडीही नकोत, ती लहान असतात. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवली तर तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो, ते बाजूला काढावं. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख घालावी. शाईच्या पेनाने नको, शाई छिद्रांतून आत उतरू शकते.

प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळावं. बबल रॅप चांगला. फुगे आतल्या बाजूला ठेवून दोन फेरे द्यावेत. पण सगळीकडून चिकटपट्टी लावून हवाबंद करू नये, अंडं श्वास घेत असतं. मग निमुळतं टोक खाली आणि रुंद टोक वर असं उभं ठेवावं, म्हणजे हवेची पोकळी वर राहते. कागदी लगद्याच्या ट्रेचा तुकडा कापून त्यात ठेवलं तर ते कलंडत नाही. हा लहान खोका मोठ्या खोक्यात ठेवावा आणि मधे चारी बाजूंनी, खाली आणि वर निदान चार बोटं जाडीचा थर भरावा. वर्तमानपत्राचे बोळे, कोरडा पेंढा, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, काहीही चालेल, पण कोरडं हवं. ओल्या पेंढ्याला बुरशी येते आणि ती अंड्यालाही बाधते. पावसाळ्यात आमच्या कोकणात कोरडा पेंढा मिळणं म्हणजे नवसच, तेव्हा कागदच बरा. मोठ्या खोक्याला पेन्सिलीच्या टोकाएवढी आठ-दहा भोकं पाडावीत.

खोकं बंद केलं की कानाशी धरून हलकेच हलवावं. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरावं. मोकळी जागा म्हणजे फुटणारं अंडं.

खोक्यावर 'जपून हाताळा' असं मोठ्या अक्षरांत लिहितात. लिहावं, पण त्यावर विसंबू नये. रात्री दोन वाजता गाडी रिकामी करणाऱ्या माणसाला वाचायला सवड नसते, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्यापेक्षा खोक्याला सुतळीची मूठ बांधावी. मूठ असलेली वस्तू माणूस आपोआप उचलून नेतो, नसलेली ढकलतो किंवा फेकतो. हा माझा स्वतःचा सिद्धांत आहे, पटला तर घ्या.

आणि सोमवारी पाठवावं, म्हणजे रविवार मध्ये येत नाही. शक्य असेल तर घरपोच न मागवता त्यांच्या कचेरीतून आपणच जाऊन आणावं. शेवटची दिवसभराची गावफेरी तरी टळते. आणि एस.टी.ने येणारं ओळखीचं कुणी असेल, तर त्याच्या मांडीवरची टोपली सगळ्यात श्रेष्ठ. माणसाच्या मांडीइतकं चांगलं स्प्रिंग अजून कुठल्या कंपनीने काढलेलं नाही.

इथवर सगळे मान देतील. मतभेद आहे तो पुढे.

अंड्यांच्या खोक्याची एक छान गोष्ट आहे. 1911 साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जोसेफ कॉइल नावाचा एक वृत्तपत्रवाला होता. तिथल्या एका हॉटेलवाल्याचं आणि अंडी पुरवणाऱ्या शेतकऱ्याचं फुटक्या अंड्यांवरून सारखं भांडण चाले, असं सांगतात. कॉइलने त्यावर तोड म्हणून प्रत्येक अंड्याला वेगळा खण असलेला कागदी खोका तयार केला. आज जगभर आपण जी खणांची खोकी बघतो त्यांचा हा पूर्वज. भांडण मिटलं, कारण ते कवचाचं भांडण होतं. झाकण उघडलं की दोघांनाही दिसत होतं काय फुटलं आणि काय नाही.

उबवणीच्या अंड्यांचं भांडण झाकण उघडून मिटत नाही. आमच्या वाडीतल्या एका वहिनींचं उदाहरण सांगते. त्यांनी मार्चअखेरीस कडकनाथची बारा अंडी मागवली. एका विक्रेत्याने लांबच्या जिल्ह्यातून पाठवली, चौथ्या दिवशी पोचली. पॅकिंग खरोखरच सुरेख होतं, एकही अंडं फुटलं नव्हतं. वहिनींनी आनंदाने फोटो काढून पाठवला, तिकडून हात जोडल्याचं चित्र आलं. खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली अंडी बसवली. (कडकनाथ कोंबडी स्वतः फारशी खुडूक होत नाही, त्यामुळे तिची अंडी दुसरीखालीच बसवावी लागतात.) सातव्या दिवशी बॅटरीवर पाहिली तर चार कोरी, तिनांत रक्ताचं कडं. उरलेल्या पाचांतून दोन पिल्लं निघाली, तीन पूर्ण वाढून आतच मेली. विक्रेत्याला कळवलं तेव्हा उत्तर आलं, "ताई, अंडी सुखरूप मिळाल्याचा फोटो तुम्हीच पाठवलात ना?"

या उत्तराचा मला राग आला आणि अजून आहे. तो फोटो कवचाचा होता. वहिनींनी पैसे कवचाचे दिले नव्हते.

तुम्ही म्हणाल, बारा अंड्यांचे पैसे ते काय! पैशांपुरतं असतं तर मी लेख लिहिला नसता. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि फार तर तीन-चार वेळा खुडूक होते. एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच दाणा-पाण्याला उठते. अंगाने उतरते, अंडी देत नाही. तिच्याखाली आपली घरची बारा अंडी ठेवली असती तर आठ-दहा पिल्लं निघाली असती. ती मोठी होऊन मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, दवाखान्याचा खर्च निघाला असता. परसातली कोंबडी ही बाईची स्वतःची मिळकत असते, तिला त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. वाया गेलेली ती एक बसणी म्हणजे तिच्या वर्षाच्या मिळकतीतला तिसरा-चौथा हिस्सा गेला. पाठवणाऱ्याच्या वहीत मात्र 'पार्सल पोचलं' एवढीच नोंद. व्यवहारातला सगळा धोका अशा रीतीने व्यवहारातल्या सगळ्यात गरीब माणसावर पडतो, आणि तो कुणाला दिसतही नाही, कारण काही फुटलेलंच नसतं.

विक्रेत्यांची बाजू मला माहीत आहे. ते म्हणतात, "घेणाऱ्याने अंडी कशी ठेवली, कोंबडी उठून गेली का, मशीनचं तापमान बरोबर होतं का, याची हमी आम्ही कशी द्यायची?" मुद्दा बरोबर आहे. सगळी उबवण माझ्याच अंड्यांमुळे बिघडली असं कुणी म्हटलं तर तो अन्याय होईल. पण म्हणून काहीच सांगता येत नाही, हे खरं नाही. न उबलेलं अंडं स्वतःच साक्ष देतं, फक्त ती विचारायला हवी.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत. काहीच दिसलं नाही, अंडं कोरं राहिलं, तर ते बशीत फोडून बलकावरचा ठिपका बघायचा. लहान, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर अंडं फळलेलंच नव्हतं. तिथे प्रवासाचा किंवा कोंबडीचा काही संबंध नाही, तो पाठवणाऱ्याच्या कळपाचा प्रश्न. ठिपक्याभोवती गोल कडं, म्हणजे मोठ्या वर्तुळात लहान वर्तुळ दिसलं, तर अंडं फळलेलं होतं पण गर्भ सुरुवातीलाच गेला. रक्ताचं कडं दिसलं तर दोन-चार दिवस वाढून मेला. या दोन्हींत बहुधा अंड्याचं वय, वाटेतली उष्णता आणि हादरे यांचा हात असतो. अगदी शेवटी, पूर्ण वाढून मेलं असेल तर बसवल्यानंतरची ऊब, ओलावा किंवा हवेची सुटलेली पोकळी. अचूक निवाडा होणार नाही, पण ढोबळ वाटणी नक्की होते. वहिनींच्या चार कोऱ्या अंड्यांपैकी तीन आम्ही सातव्या दिवशी फोडली तेव्हा फळलेलीच नव्हती. त्याचा दोष वहिनींचा कसा?

अंडी फळतात की नाही हे पाठवणाऱ्याला घरबसल्या कळू शकतं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे का, तो धडधाकट आहे का, एवढं पाहावं आणि महिन्यातून एकदा स्वतःच्याच पाच-सहा अंड्यांचे ठिपके बघावेत. जातीचंही तसंच. कोंबडा बदलला तरी आधीच्या कोंबड्याचा अंश कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतो, तोवरची अंडी शुद्ध जातीची म्हणून विकू नयेत. घेणाऱ्याला अंड्यावरून जात ओळखता येत नाही. कडकनाथचंच घ्या, कोंबडी काळी, मांस काळपट, पण अंडं फिकट बदामी रंगाचं, कुठल्याही गावठी अंड्यासारखं. म्हणजे इथे सगळा व्यवहार विश्वासावर आहे. कडकनाथच्या नावावर काय काय घडू शकतं हे 2019 साली सांगली-कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांनी चांगलंच अनुभवलं आहे.

मग हा उद्योगच बंद करावा का? आमच्या घरात असं म्हणणारे आहेत. (ते हा ब्लॉग वाचतात, नाव घेत नाही.) त्यांचं म्हणणं, अंड्यांपेक्षा एक दिवसाची पिल्लं आणावीत. त्यात तथ्य आहे. पिल्लू बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर तीन दिवसांपर्यंत दाणा-पाण्याशिवाय तग धरू शकतं. या एका गोष्टीवर अमेरिकेत 1918 पासून पिल्लं टपालाने जातात. पण पिल्लं आणली की त्यांना ऊब द्यायला दिवा हवा, दिव्याला वीज हवी, आणि गावात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. कोंबडीच्या पंखाखालची ऊब मात्र जात नाही. ती पिल्लांना दाणा टिपायला शिकवते, घार दिसली की हाक देते. ज्या घरात खुडूक कोंबडी आहे त्या घराला अंडीच सोयीची. शिवाय जिवंत कोंबड्या पाय बांधून शेकडो मैल नेण्यापेक्षा अंडी नेण्यात क्रूरपणा कमी आहे, आणि एखादी चांगली देशी जात एका भागातून दुसऱ्या भागात पसरायला हा स्वस्त मार्ग आहे. म्हणून बंद नको, नीट करा, एवढंच माझं म्हणणं.

एका बाबतीत मात्र बंद म्हणजे बंदच. काही रोग कोंबडीकडून अंड्यातून थेट पिल्लात उतरतात. म्हणून ज्याच्याकडे आजार आहे किंवा नुकता होऊन गेला, त्याने अंडी पाठवू नयेत. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा आला तो 2006 साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातही कोंबड्या माराव्या लागल्या. अशा वेळी बाधित भागातून अंड्यांची ने-आण सरकार थांबवतं. "दोन डझन अंड्यांनी काय होतंय" असं म्हणून कुणी पिशवीतून नेऊ नयेत.

आता घेणाऱ्यांना दोन शब्द. सगळं ओझं मी पाठवणाऱ्यावर टाकते आहे असं वाटायला नको. खोकं आल्याबरोबर उघडावं. फुटलेलं असेल तर बाकीच्या अंड्यांवरचा ओघळ कोरड्या फडक्याने टिपावा, धुऊ नये. बॅटरीवर पोकळ्या बघाव्यात आणि कुठल्या सैल आहेत त्यावर खूण करावी. मग अंडी निमुळतं टोक खाली करून घरातल्या गार जागी, माठाशेजारी म्हणा, एक दिवस उभी ठेवावीत. प्रवासात ढवळलेलं आत जरा निवतं. याला मी विसावा म्हणते. कोंबडीखाली रात्री बसवावीत. मशीन असेल आणि पोकळ्या सैल असतील, तर पहिले दोन-तीन दिवस अंडी न फिरवता उभीच ठेवतात. पुढे नेहमीप्रमाणे अठराव्या दिवसापर्यंत फिरवायची.

हा एक दिवस थांबणं लोकांना फार जड जातं. त्यांना मी महाभारतातली विनतेची गोष्ट सांगते. कद्रूच्या अंड्यांतून नाग बाहेर पडले, आपली दोन अंडी तशीच, म्हणून तिने उतावीळपणे एक फोडलं. आत अरुण होता, कमरेखाली अपुरा. त्याने आईला दास्याचा शाप दिला. दुसऱ्या अंड्याला तिने हात लावला नाही, आणि त्यातून गरुड आला. एकविसाव्या दिवशी टोचा पडलेलं अंडं सोलायला धावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आठवावी. टोचा पडल्यावर पूर्ण बाहेर यायला पिल्लाला बारा-पंधरा तास, कधी चोवीससुद्धा लागतात.

तर आता माझ्या मागण्या. कायदा करा वगैरे म्हणत नाही. चार कोंबड्यांच्या धंद्याला कायदा कसला! पण पाठवणाऱ्यांनी आपणहून एवढं पाळावं. खोक्यात एक चिठ्ठी असावी. तीत अंडी घातल्याच्या तारखा, कोंबड्या किती आणि कोंबडे किती, आणि घरी स्वतः बसवलेल्या शेवटच्या अंड्यांपैकी किती उबली, एवढंच लिहावं. मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत लांबची मागणी घेऊ नये. सातव्या दिवशी घेणाऱ्याने अंडी बॅटरीवर बघून फोटो पाठवावा, आणि जी फळलेलीच नव्हती त्यांच्या बदली अंडी किंवा पैसे द्यावेत. प्रवासात गर्भ गेला असेल तर तोटा निम्मा-निम्मा. शेवटी मेलेली घेणाऱ्याच्या खात्यावर. घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी ही अट बोलून घ्यावी, आणि पार्सल मिळाल्याचा फोटो पाठवताना खाली लिहावं, "कवचं शाबूत, बाकीचं एकविसाव्या दिवशी."

असं केलं तर अंड्याचा भाव थोडा वाढेल हे मला कळतं. वाढू दे. आज तो भाव कमी दिसतो, कारण उरलेले पैसे कुणीतरी बाई आपल्या कोंबडीच्या एकवीस दिवसांतून भरते आहे.

पुतण्याला माझं उत्तर: मागव, पण दिवाळीनंतर, जवळच्या जिल्ह्यातून, आणि चिठ्ठी मागून. जुन्या विद्यार्थ्याला: तुझ्या गावाजवळ कुणाकडे चांगला कोंबडा आहे ते आधी बघ, पार्सल नंतर. बाकी दोघांनी यातलं सोयीचं ते घ्यावं.

असो. बराच मोठा झाला लेख. तुमच्याकडे अंडी पाठवायची आणखी कुठली जुनी रीत असेल, विशेषतः देशावर आणि विदर्भात, तर जरूर लिहा. आणि कुणी विक्रेता वाचत असेल तर त्यानेही लिहावं. भांडायला मी तयार आहे, समजून घ्यायलाही.